वॉटची पाटी

एकाच वस्तूवर दोन पाट्या आहेत आणि त्या एकमेकींना खोटे पाडीत आहेत, असे उदाहरण वर्गात हवे असेल तर एखादा स्वस्त स्पीकरसंच उचलून आणावा. पुढच्या बाजूला चकचकीत स्टिकरवर ठळक अक्षरांत '१००० वॉट पीएमपीओ' असे काहीसे लिहिलेले असते. मागे, वायर जिथे आत शिरते तिथे, बारीक अक्षरांत '२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, २० वॉट' अशी दुसरी पाटी असते. आत २० वॉट जातात आणि बाहेर १००० येतात! ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम नुकताच शिकलेला मुलगाही इथे हात वर करील. पण तोच मुलगा आणि त्याचे वडील दुकानात गेले, की शेजारच्या २००० वॉटच्या खोक्याकडे बोट दाखवतात.

या पाटीला हसून मोकळे होणे सोपे आहे. पण खरेदी तिच्यावरच चालते. पेणहून रोह्याकडे जाताना नागोठणे सोडले की निडी हे लहानसे स्थानक लागते. अशा गावांत कर्णा वर्षभर लागतो: शाळेचे स्नेहसंमेलन, ग्रामपंचायतीची सभा, गणपती, शिमग्याची पालखी आणि लग्नाआधीची हळद. यंत्रणा भाड्याने आणा नाहीतर वर्गणी काढून विकत घ्या, प्रश्न एकच विचारला जातो, 'किती वॉटचा?' आणि स्पीकर जळाला, की तो का जळाला याचे उत्तर प्रत्येक जण वेगळे देतो. कोणी म्हणतो ॲम्प्लिफायर जास्त वॉटचा होता, कोणी म्हणतो कमी वॉटचा होता. दोघेही पाटीवरचा आकडाच पुरावा म्हणून दाखवतात. तेव्हा या आकड्याची एकदा नीट परीक्षा व्हायला हवी.

दोषाचा थोडा वाटा आपल्या शिकवण्याकडेही जातो असे माझे मत आहे. वॉट हे एकक आपण दिव्याच्या उदाहरणाने शिकवतो आणि तिथेच थांबतो. ६० वॉटचा दिवा ठरलेल्या व्होल्टेजला जोडला की तो ६० वॉट घेतो, मग कोणी पाहत असो वा नसो. ॲम्प्लिफायरवरचे ६० वॉट तसे नसतात. ते घेतले जातातच असे नाही. अमुक रोधाच्या भारात, अमुक विकृतीच्या आत, जास्तीत जास्त इतके देता येतील, एवढेच तो आकडा सांगतो. घरात गाणे लावून आपण गप्पा मारतो तेव्हा त्यातला एक वॉटही खर्च होत नसतो. आणि स्पीकरवरचे ६० वॉट यांहूनही निराळे. ते ना घेणे, ना देणे; ते सोसणे आहे. तीन वस्तूंवर एकच शब्द तीन अर्थांनी छापलेला आहे, आणि दुकानदार तिघांची बेरीज-वजाबाकी बिनदिक्कत करतो.

सहा सेलवर चालणारा रेडिओ-कॅसेट प्लेअर घेऊ. सेल दीड व्होल्टचे, म्हणजे एकूण ९ व्होल्ट. साध्या रचनेच्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरला मिळणारा तरंग या ९ व्होल्टच्या मधोमध उभा राहतो, म्हणून तो वर साडेचार आणि खाली साडेचार व्होल्टपलीकडे जाऊ शकत नाही. स्पीकर ४ ओहमचा धरला, तर ज्या-तरंगासाठी सरासरी शक्ती म्हणजे शिखर-व्होल्टेजचा वर्ग भागिले रोधाची दुप्पट: २०.२५ भागिले ८, सुमारे अडीच वॉट. ट्रान्झिस्टरमध्ये काहीच वाया जात नाही असे मानूनही एवढेच! एके काळी अशा यंत्रांत सर्रास बसणाऱ्या टीबीए ८१० या आयसीच्या माहितीपत्रकात ९ व्होल्ट आणि ४ ओहमला नेमके अडीच वॉटच दिले आहेत. पण त्याच ओळीत एक अट आहे: विकृती १० टक्के. म्हणजे तरंगाचे शेंडे छाटले जाईपर्यंत ताणून मिळवलेले हे अडीच वॉट आहेत. आता या यंत्राच्या खोक्यावर तीन आकडी वॉट कुठून येतात? पीएमपीओ ही अक्षरे 'शिखरावरच्या संगीताची शक्ती' अशा अर्थाने छापली जातात. तिची सर्वमान्य प्रमाण व्याख्या कुठेच नाही. क्षणभर, धारणित्रातला साठलेला भार धरून, सगळ्या स्पीकरांची बेरीज करून, विकृतीकडे डोळेझाक करून जे काही येईल ते. ज्या राशीची मोजण्याची रीत सांगता येत नाही ती भौतिक राशीच नव्हे, हे आपण मुलांना पहिल्या धड्यात सांगतो. तो धडा इथे लावावा.

गाडीतल्या संचावरची '५० वॉट × ४' ही पाटी मात्र इतकी बेछूट नाही, आणि म्हणून ती जास्त फसवी आहे. इंजिन चालू असताना गाडीची बॅटरी साधारण १४.४ व्होल्ट देते. स्पीकरच्या दोन्ही टोकांना उलट-सुलट ओढणारी जोडणी वापरली, तर ४ ओहमवर पूर्ण १४.४ व्होल्ट आळीपाळीने मिळू शकतात. ज्या-तरंग असेल तर शक्ती २०७ भागिले ८, म्हणजे सुमारे २६ वॉट. पण आवाज इतका वाढवला की तरंग छाटून चौकोनी झाला, तर २०७ भागिले ४, म्हणजे जवळजवळ ५२ वॉट. पाटीवरचे ५० कुठून आले ते कळले? आकडा खरा आहे. फक्त त्या आकड्याला गाणे ऐकू येत नाही, घरघर ऐकू येते.

मग 'आरएमएस वॉट' लिहिले की झाले का? पीएमपीओला कंटाळलेल्या जाणत्या ग्राहकाने हा शब्द धरून ठेवला आहे आणि व्यवहारात तो पुष्कळ बरा आहे. पण भौतिकीच्या शिक्षकाने तो जसाच्या तसा स्वीकारू नये. वर्गमध्यमूळ काढायचे ते व्होल्टेजचे किंवा धारेचे. त्यावरून येणारी शक्ती ही सरासरी शक्ती असते, वर्गमध्यमूळ शक्ती नव्हे. ज्या-तरंगाच्या शक्तीची सरासरी तिच्या शिखराच्या ०.५ पट असते. खुद्द शक्तीचेच वर्गमध्यमूळ काढले तर ते शिखराच्या ०.६१ पट येते, म्हणजे सुमारे २२ टक्के जास्त, आणि त्याने तार किती तापेल हे काही कळत नाही. बारावीच्या हुशार विद्यार्थ्याला हे गणित द्यावे. छापील पाटीवरचा शब्द चुकीचा असू शकतो हे त्याला स्वतःच्या वहीत दिसेल.

या गोंधळावर कायद्याचा उपाय अमेरिकेने फार पूर्वी करून पाहिला. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये घरगुती ॲम्प्लिफायरसाठी नियम केला: शक्ती सांगायची तर ती सलग मोजलेली, भार किती ओहमचा, कोणत्या वारंवारितेपासून कोणत्यापर्यंत आणि किती विकृतीसह, हे सगळे सांगायचे. मोजण्यापूर्वी यंत्र एक तास एकतृतीयांश शक्तीवर तापवायचे अशीही अट होती. एकतृतीयांशच का, असा प्रश्न पडेल. पूर्ण शक्तीवर यंत्र सर्वांत जास्त तापत असेल असे आपल्याला वाटते. पण नेहमीच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टरमधली उष्णता पूर्ण शक्तीच्या ४० टक्क्यांच्या आसपास सर्वाधिक असते. अट त्यामुळे फार कडक ठरली आणि पुढे ती सैल करावी लागली. दुसरी पळवाट उरलीच होती. भार, पट्टा आणि विकृती सांगायची होती, पण निवडायची उत्पादकाने. २०२४ च्या दुरुस्तीत ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि १ टक्क्यापर्यंत विकृती अशी सर्वांना एकच मोजपट्टी ठरवली गेली. पन्नास वर्षे लागली! आकड्यासोबत अटी छापून भागत नाही, अटी समान असाव्या लागतात, हा यातला खरा मुद्दा.

स्पीकर काय सोसतो?

स्पीकरवरचा आकडा वाचण्यासाठी आधी त्याच्या पोटात काय घडते ते पाहू. चुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे असते, त्याला व्हॉइस कॉइल म्हणतात. कागदी शंकूच्या साध्या स्पीकरमध्ये दिलेल्या विजेतला जेमतेम एक टक्का आवाजात बदलतो. उरलेले नव्याण्णव टक्के त्या वेटोळ्यात उष्णता होऊन बसतात. ६० वॉटचा स्पीकर म्हणजे बोटभर रुंदीच्या तारेच्या वळ्यात ६० वॉटची शेगडी. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. वेटोळे २०० अंशांनी तापले तर रोध पावणेदोन पटीच्या वर जातो आणि तेवढ्याच व्होल्टेजला स्पीकर कमी शक्ती घेऊ लागतो. म्हणून तास-दीड तासाने 'आवाज बसला' असे वाटते, आणि माणूस बटण आणखी फिरवतो. नेमके तेव्हा फिरवायला नको असते. वेटोळ्याचा डिंक सुटतो, तार मोकळी होऊन फटीत घासते, मग धूर.

सोसण्याची ही क्षमता मोजण्याचीही रीत आहे. अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या १९८४ च्या पद्धतीत ठरावीक गोंगाटाचा संकेत दोन तास देतात, आणि त्याची शिखरे सरासरीच्या दुप्पट व्होल्टेजची असतात. दुप्पट व्होल्टेज म्हणजे चौपट शक्ती. म्हणून एकाच स्पीकरवर '१०० सतत, २०० कार्यक्रम, ४०० शिखर' असे तीन आकडे प्रामाणिकपणे छापता येतात. अप्रामाणिकपणा सुरू होतो तो पहिले दोन गाळून तिसराच छापल्यावर.

आता त्या वादाकडे येऊ. दुरुस्तीच्या दुकानांत एक वाक्य फार ठामपणे सांगितले जाते: 'लहान ॲम्प्लिफायर ओढला की तो क्लिप होतो, क्लिप झाला की डीसी येतो आणि डीसीने ट्विटर जळतो.' यातला शेवट खरा आहे, ट्विटर खरोखर जळतो. मधले कारण खोटे आहे. वरचे आणि खालचे शेंडे सारखेच छाटले तर तरंगाची सरासरी शून्यच राहते. सपाट माथा म्हणजे डीसी नव्हे. शिवाय ट्विटरच्या वाटेत धारणित्र असते, ते डीसी जाऊच देत नाही.

दुसरे, जास्त विद्वान उत्तर असे, की छाटलेल्या तरंगात उच्च प्रसंवादी निर्माण होतात आणि ते ट्विटरमध्ये शिरतात. हे तत्त्वतः बरोबर आहे. पण किती शिरतात ते मोजून पाहू. ५० वॉटचा ॲम्प्लिफायर ८ ओहमवर पूर्ण चौकोनी तरंग देऊ लागला तर शक्ती १०० वॉट होते. हा तरंग १०० हर्ट्झच्या ढोलाचा आहे असे समजू. चौकोनी तरंगाच्या शक्तीपैकी ८१ टक्के मूळ स्वरातच असते. ३००० हर्ट्झच्या वरच्या सगळ्या प्रसंवादींची बेरीज केली तर ती फक्त १.३ ते १.४ टक्के येते. म्हणजे ट्विटरच्या वाट्याला दीड वॉटसुद्धा नाही. एवढ्याने तो जळत नाही.

मग जळतो कशाने? पेटीवर ६० वॉट लिहिलेले असले तरी आतल्या ट्विटरची स्वतःची सतत सोसण्याची क्षमता पाच-दहा वॉटच असते. गाण्यात बहुतेक शक्ती खालच्या स्वरांत असते, या भरवशावर पेटी बनवलेली असते. बटण फिरवत गेले की खालचे स्वर आधी छताला टेकतात आणि तिथेच अडकतात. वरचे स्वर लहान असल्यामुळे त्यांना अजून जागा असते, ते वाढतच राहतात. झांजा आणि खुळखुळे, जे एका वॉटवर होते, ते अनेक पट होतात. कानाला एकूण आवाज फारसा वाढलेला वाटत नाही, पण ट्विटरचे जेवण पाच-सात पट झालेले असते. शिवाय ५० वॉटचा म्हणवणारा ॲम्प्लिफायर स्वतः १०० पर्यंत जाऊ शकतो, हे वर आलेच. तेव्हा 'ॲम्प्लिफायर स्पीकरपेक्षा लहान घ्या' हा सल्ला वाटतो तितका सुरक्षित नाही. 'दुप्पट मोठा घ्या' हा उलटा सल्लाही बटणावर संयमी हात असेल तरच उपयोगाचा, आणि हळदीच्या रात्री दोन वाजता तो हात कोणाचा असेल ते सांगता येत नाही. दोन्ही सल्ले अर्धे खरे आहेत. खरी गरज आहे ती ॲम्प्लिफायरवरचा क्लिपिंगचा लाल दिवा पाहण्याची. तो सतत पेटू लागला की बटण मागे.

डीसी मात्र सर्वस्वी काल्पनिक नाही. ॲम्प्लिफायरचा एखादा आउटपुट ट्रान्झिस्टर आतून जोडला गेला, म्हणजे 'शॉर्ट' झाला, की खरा डीसी येतो. ५० वॉटच्या यंत्रात आतला पुरवठा सुमारे ३५ व्होल्टचा धरला आणि वूफरच्या वेटोळ्याचा सरळ रोध ६ ओहम धरला, तर २०० वॉट त्या वेटोळ्यात ओतले जातात, तेही ते एका जागी रुतून बसलेले असताना. हललेले वेटोळे हवेने थोडे तरी गार होते, हे तेही नाही. बऱ्या यंत्रात यासाठी रिले असतो. डीसी दिसला की तो स्पीकर तोडतो. यंत्र चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी येणारा 'टक' आवाज त्याचाच. ज्यात रिले नाही तिथे निदान योग्य फ्यूज हवा. फ्यूज जळाला म्हणून तिथे जाड तार गुंडाळणे हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय आहे. त्याने फ्यूज वाचतो.

ट्विटरसाठीचे धारणित्र मुलांना काढायला सांगावे: ८ ओहमचा ट्विटर ४००० हर्ट्झपासून वर वापरायचा, तर साधारण ५ मायक्रोफॅरड, बाजारात ४.७ चे मिळते. आणखी एक जुनी, स्वस्त युक्ती आहे. ट्विटरशी एकसरीत गाडीचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा दिवा जोडायचा. थंड असताना त्याचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास असतो, तो असल्याचे कळतही नाही. धारा वाढली की तार तापते आणि रोध सात ओहमकडे सरकतो. ट्विटरचा वाटा आपोआप घटतो आणि दिवा उजळून इशाराही देतो. ओहमच्या नियमाला तापमानाची अट का घालतात, हे याहून सुबक दाखवता येणार नाही.

शाळेच्या मैदानावर

शाळांत आणि देवळांत दिसतो तो कर्णा. त्याचे 'युनिट' जळते त्याची कारणे थोडी वेगळी आहेत. कर्णा एका मर्यादेखालच्या स्वरांना हवेचा आधार देऊ शकत नाही. ढोलाचा ठोका त्यातून वाजवला की आतला पातळ पडदा आधाराशिवाय मोकाट हलतो आणि फाटतो, तापण्याच्या कितीतरी आधी. भाषणासाठीच्या कर्ण्यातून गाणी वाजवायची असतील तर बासचे बटण खाली करणे आणि खालचे स्वर अडवणारे धारणित्र बसवणे एवढे तरी करावे. यंत्र चालू करताना ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. माईकची पिन आवाज शून्यावर आणूनच काढावी.

आणि तार! ऑफिसपासून मैदानाच्या टोकापर्यंत १०० मीटर, जाण्या-येण्याची मिळून २०० मीटर. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध एवढ्या लांबीत सुमारे ४.७ ओहम होतो. पुढे ८ ओहमचा स्पीकर जोडला तर दिलेल्या शक्तीतली ३७ टक्के तारेतच जाते. मग म्हणायचे, यंत्र कमी वॉटचे आहे. यासाठीच सभेच्या ॲम्प्लिफायरला '१०० व्होल्ट लाइन' असे टोक दिलेले असते आणि कर्ण्याजवळ छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. १५ वॉटचा कर्णा या लाइनवर १०,००० भागिले १५, म्हणजे ६६७ ओहमचा दिसतो; त्याच तारेत आता एक टक्काही वाया जात नाही. उच्च दाबाने वीज का वाहून नेतात, हा धडा शिकवताना आपण दूरच्या वीजकेंद्राचे चित्र काढतो. तो ट्रान्सफॉर्मर शाळेच्या गच्चीवरही आहे. १०० व्होल्ट हाताला झटका देण्याइतके असतात, हेही त्याच वेळी सांगावे. चार कर्णे लावायचे तर १५ चोक ६०. बेरीज ॲम्प्लिफायरच्या क्षमतेपेक्षा कमी राहिली की झाले.

एवढे करून आवाज किती वाढतो? ६० वॉटऐवजी १२० वॉट घेतले की फक्त ३ डेसिबेल, जे कानाला जेमतेम जाणवतात. दुप्पट मोठा वाटायला दसपट शक्ती लागते. याउलट, एका वॉटला एका मीटरवर स्पीकर किती डेसिबेल देतो, या आकड्यात साध्या शंकूच्या स्पीकरपासून (९० च्या आसपास) कर्ण्यापर्यंत (१०५ च्या आसपास) १५ डेसिबेलचा फरक असतो, म्हणजे तीसपट वॉटचा. पाटीवर तो आकडा असलाच तर कोपऱ्यात असतो. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओतून तीन-चार वॉट निघत आणि अंगणात जमलेली अख्खी वाडी बातम्या ऐके, ते यामुळेच. (सातारा-कोल्हापूरकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीलाच 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बींनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी.)

याच आकड्याने आणखी एक हिशेब करता येतो. कर्णा १०५ डेसिबेलचा, शक्ती १ वॉट, उघडी जागा. अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबेल कमी; १०० मीटरवर ४० कमी, म्हणजे कर्ण्याच्या समोर ६५ डेसिबेल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ आणि रात्री ४५ आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात ही रात्रीची बंदी उचलून धरली. काही ठरावीक सणांच्या रात्री राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते, वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबेल जास्त किंवा ७५ डेसिबेल, यांतले जे कमी असेल त्याच्या आत हवा. १५ वॉटचा एकच कर्णा पूर्ण ताणला तर १०० मीटरवर ७७ भरतो. चार कर्णे देवळाच्या शिखरावर चारी दिशांना तोंडे करून बांधण्याऐवजी दोन कर्णे माणसाच्या डोक्याच्या थोडे वर, श्रोत्यांकडे खाली झुकवून लावले तर दोन-दोन वॉटवर सभा होते. ॲम्प्लिफायर गार राहतो, युनिट वर्षानुवर्षे टिकते, आणि शेतापलीकडच्या वाडीत कोणाचे भाषण चालू आहे ते कळत नाही.